मुठीतले गवत

ती घटना आठवली की आजही मी नकळत स्वतःच्या हातांकडे पाहतो. सत्तरचे दशक सरत आले होते. फौजदार म्हणून वसईला बदली होऊन मला फार दिवस झाले नव्हते. मी घाटावरचा माणूस. इथल्या बागा, इथली चर्चे, इथली बोली, सगळेच मला नवे होते. पोलीस ठाणे मात्र कुठेही गेले तरी सारखेच असते. गळके कौल, ढकलल्याशिवाय चालू न होणारी जीप, आणि समोर येऊन बसणारी माणसे, ज्यांतली निम्मी खोटे बोलतात आणि उरलेली अर्धेच खरे सांगतात.

नोव्हेंबर लागला होता. पाऊस थांबला तरी बावखले अजून काठोकाठ भरलेली होती. बागेला पाणी देण्यासाठी खणलेल्या तळ्याला वसईत बावखल म्हणतात. त्या सकाळी ठाणे अंमलदाराने अकस्मात मृत्यूची नोंद घेतली होती. उमेळ्याकडच्या एका ख्रिस्ती शेतकरी कुटुंबातला धाकटा मुलगा पाय घसरून घरच्याच बावखलात पडला आणि मेला, असे घरच्यांनी कळवले होते.

दुपारी मी डबा उघडत होतो, तेवढ्यात एक माणूस भिंतीला सायकल टेकवून आत आला. नाव विचारले तर सांगेना.

“साहेब, आज संध्याकाळी माती हाय त्याची. त्याच्या आधी जाऊन बगा,” तो म्हणाला. “दोगा भावांचं परवाच वाजलंय. थोरल्याला वाडी बिल्डरला द्यायची, धाकला आडवा. आनि धाकलाच पान्यात पडतो?”

एवढे बोलून तो गेला. खबरी माणूस सहसा न्यायासाठी येत नाही, त्याचे स्वतःचे काहीतरी दुखणे असते. पण म्हणून खबर खोटी ठरत नाही. मी डबा झाकला.

त्या घराच्या अंगणात गाव जमले होते. ओटीवर शवपेटी, डोक्याशी मेणबत्त्या. लग्नातला सूट घातलेला, भांग पाडलेला, अंघोळ घातलेला असा तो मुलगा पेटीत निजला होता. मी मेलेल्याचे हात आधी पाहतो, चेहरा नंतर. चेहरा घरची माणसे नीटनेटका करतात, हातांकडे सहसा कोणी बघत नाही. इथे हातही घासूनपुसून स्वच्छ केलेले होते आणि बोटांत रोझरीची माळ गुंफलेली होती.

मी पंचांसमक्ष कोट वर करायला लावला. कमरेवर दोराचा गोल वळ होता.

अंत्यविधी थांबवावा लागला. पोलिसाला करावी लागणारी याहून वाईट गोष्ट मला ठाऊक नाही. अंगणात कुजबूज झाली, एक-दोघे अंगावर आले. मुलाची आई भिंतीशी बसली होती, तिने मान वर केली नाही. सगळ्या बायका माळ ओढत होत्या. तिची माळ मात्र वर खिळ्याला टांगलेली होती.

प्रेत शवविच्छेदनाला पाठवले आणि थोरल्या भावाला ठाण्यावर आणले. आडदांड गडी, पण खुर्चीत चोरासारखा अंग चोरून बसला.

“भांडलास?”

“भांडलो.”

“वळ कसला तो?”

त्याने नजर जमिनीला लावली.

“ढकललास त्याला?”

त्याने वर पाहिले. मग म्हणाला, “तसंच लिवा, साहेब. मी मारला. खून लावा माज्यावर. पन त्याला माती द्या, बापाशेजारी.”

गुन्हा नाकारणारे मी शेकड्याने पाहिले आहेत. इतक्या सहज गळ्यात फास घालून घेणारा पाहिला नव्हता. आणि ते ‘बापाशेजारी’ मला खटकले. खुनी माणसाला आपली मान कशी सुटेल याची काळजी असते, मेलेल्याला कुठे पुरतात याची नव्हे. मी शिपायाला बाहेर पाठवले, चहा मागवला आणि आवाज उतरवला.

“खरं काय ते सांग.”

तो हुंदके द्यायला लागला. धाकट्याची बायको पहिल्या बाळंतपणात बाळासकट गेली होती. तेव्हापासून त्याने बोलणे टाकले होते. वाडी विकायला त्याचा विरोध होता, कारण तिथली झाडे बायकोने लावली होती. सकाळी तो बिछान्यात नव्हता. बावखलात सापडला तेव्हा कमरेला दोर होता आणि दोराला धोंडा.

“मग पाय घसरला असं का सांगितलं?”

“जो सोताहून जीव देतो त्याला सिमिटरीत घेत नाय, साहेब. भिंतीच्या भायेर पुरतात. आयेनं लहानपनी एकाला तसा पुरलेला बगितलाय. ती म्हनते, माजा पोर नरकात गेला, मेल्यावरपन मला भेटायचा नाय. मंग परार्थना कोनासाठी करू? सकाळपासून त्याच बावखलाकडं बगत बसलीय.” त्याने माझे टेबल धरले. “तिला एकटी सोडू नका. माजं काय व्हायचं ते होऊ दे.”

मला त्याचा राग आला, पण टिकला नाही. भाऊ दफनभूमीच्या भिंतीबाहेर जाऊ नये म्हणून हा माणूस फासावर जायला तयार होता. मी एक महिला होमगार्ड त्या म्हातारीजवळ बसवली.

पण जबाब म्हणजे पुरावा नव्हे. प्रेताला अंघोळ कोणी घातली, हे मी विचारले. त्यांची मावशी निघाली. लाल लुगडे नेसलेली, तोंडाने फटकळ बाई.

“धोंडा कुठंय?” मी विचारले.

“दोर सोडून पान्यात ढकलला आमी. सोडायला तरी काय व्हतं? गाठ अर्धी सुटलेलीच व्हती.”

मी लिहिता लिहिता थांबलो. “अर्धी सुटलेली? कोणी सोडली?”

“मला काय ठावं!”

“सापडला कुठं? मधे?”

“मधी कशाला? काठाला. तोंड पान्यात, हात वर काठावर.”

“हातात काही होतं?”

ती वैतागली. “कायबी काय इचारता! मूठ उघडंना त्याची. रोझरी कशी घालनार? गरम पान्यानं शेकली तवा उघडली. आत चिखल आनि गवत, मुळांसकट. सगळी घान काढली, नखंपन साफ केली. तसाच पाठवायचा व्हता का देवाकडं?”

ते गवत तिने परसातल्या उकिरड्यावर टाकले होते. मी स्वतः काठीने उकरून ते शोधले आणि कागदात बांधून घेतले. मग बावखलाकडे गेलो. जिथे तो सापडला तिथला काठ खरवडलेला होता. ओल्या मातीत बोटांचे लांब ओरखडे, एकाखाली एक, आणि गवताचा एक अख्खा झुबका उपटलेला. संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितले, मृत्यू पाण्यात बुडूनच. मारहाणीची खूण नाही. उजव्या हाताची नखे मात्र आतल्या बाजूने फाटली आहेत आणि साफ करूनही आत खोलवर चिखल आहे. घरच्यांनी त्याला वाचवायला म्हणून जे धुऊन टाकले, तेच त्याच्या बाजूने बोलणारे होते.

मी फादरांकडे गेलो आणि सगळे सांगितले. वयस्कर, मितभाषी गृहस्थ. ऐकून घेऊन म्हणाले, “नियम कडक आहे. पण मरण्याआधी माणसानं पश्चात्तापाची काही खूण दिली असेल, तर त्याला पवित्र मातीत जागा आहे.”

“खूण म्हणजे?”

“एरवी शब्द. पण शब्द बोलायला तोंड पाण्याबाहेर लागतं, साहेब.” त्यांनी माझ्या हातातला कागदी पुडा उघडून गवताकडे पाहिले. “मला एवढं पुरे आहे. आता त्याच्या आईला सांगा.”

“मी? ते काम तुमचं, फादर.”

“मी सांगितलं तर तिला वाटेल, फादर समजूत घालतोय. पोलीस कोणाची समजूत घालत नाहीत.”

मी काही देवभोळा माणूस नाही. कोणाला धीर द्यायचा तर मला शब्द सुचत नाहीत. म्हणून मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि कोर्टात साक्ष द्यावी तसे सांगितले. मुलगा आपणहून पाण्यात गेला, हे लपवले नाही. मग सांगितले की पाण्यात गेल्यावर त्याचे मन फिरले. त्याने गाठ सोडायला घेतली. तो काठापर्यंत आला. काठ धरला. धोंडा जड होता, म्हणून राहिला.

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले.

“वर यायला बगत व्हता?”

“हो.”

“माज्यासाठी तर बोलत नाय ना, बाबा?”

“आई, पंचनाम्यात लिहिलंय मी. खोटं लिहिलं तर माझी नोकरी जाईल.”

तिने माझा हात ओढून घेतला, त्याची मूठ मिटवली आणि आपल्या दोन्ही हातांत धरून बसली.  मग समोरच्या क्रुसाकडे बघत म्हणाली, “अर्ध्यापर्यंत आलेला माजा पोर. पुढं त्यानं वडून घेतला असल.”

आणि मावशीला म्हणाली, “खिळ्यावरची माळ दे माजी.”

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला बापाशेजारी माती दिली. मी दफनभूमीच्या फाटकाशी उभा होतो. दुःख काही कमी झाले नव्हते. थोरला उभ्या उभ्या कोसळत होता आणि म्हातारीच तिला सावरायला आलेल्या बायकांना सावरत होती. पुढे माझी बदली होईपर्यंत त्या बाजूच्या बंदोबस्ताला जाता-येता मी त्या घराकडे नजर टाकत असे. बावखलाला त्यांनी कुंपण घातले होते. वाडी विकली नव्हती.

त्या प्रकरणाने मला एक सवय लावली. पुढच्या सगळ्या नोकरीत, असे मरण समोर आले की मी मृत्यूचे कारण तर शोधलेच, पण तो माणूस परत फिरला होता का, तेही शोधले. बहुतेक वेळा हाती काही लागले नाही. दाराशी एखादी आई उभी असायची आणि माझे हात रिकामे असायचे. पण ‘खूण सापडली नाही’ एवढेच मी लिहीत आलो. ‘खूण नव्हती’ असे कधीच लिहिले नाही. मूठ धुतलेलीही असू शकते.