उजव्या हाताला मिल

दत्तूकाकांबरोबर चालायचं तर त्यांच्या डावीकडूनच. चुकून उजवीकडे गेलं की ते बडा गणपती चौकातल्या भर गर्दीत थांबत. "अरे भिया, उधर मैया आहे. सीधा पाण्यात उतरलास की तू." नर्मदा परिक्रमेत नदी उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही, आणि काकांची प्रॅक्टिस चालू होती.

ते सुदामा नगरातले आमचे शेजारी, कापडाच्या मिलमध्ये विणकाम खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम. "रिटायर झालो की निघालोच परिक्रमेला," हे मी लहानपणापासून ऐकत आलो. मग रिटायर व्हायच्या आधीच मिल बंद पडली. आता वाट मोकळी होती, पण काका कसले हलतात! "फिरसे सुरू झाली, अन् हजेरीला मीच नाही, तर?"

तोवर रोज सकाळी झोळी आणि काठी घेऊन ते बंद मिललाच प्रदक्षिणा घालत. मिल उजव्या हाताला. फाटकावरचा चौकीदार "नर्मदे हर" म्हणून चहा देई, तेवढी भिक्षा. काकू वैतागून म्हणत, "अहो, नर्मदेत निदान पाणी तरी आहे."

एके सकाळी फाटकातून ट्रक निघाले. भंगारात विणकामाचे साचे, म्हणजे माग, चालले होते, त्यांत काकांचेही. काका घरी आले आणि काकूंना एवढंच म्हणाले, "दशम्या बांध."

सिमरोलपर्यंत मी सोबत गेलो, अर्थात डावीकडून. माझ्या टाचांना फोड आले होते, काका मात्र ताजेतवाने. "रोज आठ घंटे साच्यांच्या मधे चाललो रे. चलना अपनको आता है. फक्त पोचलो कुठे नाही."

निरोप घेताना हळूच म्हणाले, "मिल सुरू झाली तर कार्ड टाकशील ना?"

साचे गेलेले त्यांनीच पाहिले होते. तरी मी म्हटलं, "टाकतो. पत्ता काय घालू?"

"नर्मदाकाठ. ज्याच्या उजव्या हाताला मैया, तो मी."

मला हसू आलं आणि रडूही. गडबडीत वाकलो तो नेमका त्यांच्या उजवीकडून. या वेळी काकांनी नुसता डोक्यावर हात ठेवला, अन् मैयाकडे जाणाऱ्या खंडव्याच्या रस्त्याला लागले.