शीड वेळेवर गुंडाळणं

आमच्या होडीचं पुढचं शीड दोरी ओढली की पडद्यासारखं गुंडाळलं जातं. वारा वाढण्याआधीच ते अर्धं करायचं, हे माझ्या खबरदारीच्या यादीत पहिलं आहे. लाटांवर पांढरा फेस दिसताच मी शीड गुंडाळायला सांगितलं. सुकाणूवरून नवरा म्हणाला, "घाई कसली? दोरी ओढायला कितीसा वेळ लागतो?"

वाऱ्याने होडी कलली तेव्हा दोरी हललीच नाही. सकाळी शीड उघडताना नवऱ्याने ती सैल सोडली होती, म्हणून होडीच्या पुढच्या टोकाला ती जिच्यावर गुंडाळते त्या चाकावर तिचा गुंता झाला होता. अंगावर लाटा घेत मी त्या टोकापर्यंत सरपटत गेले आणि गुंता सोडवला, तेव्हा कुठे शीड गुंडाळलं गेलं. काम सोपं झालं की माणूस ते नंतरवर ढकलतो, आणि ते नंतर बहुधा दुसऱ्याच्याच वाट्याला येतं.

"जमलं की," तो हसून म्हणाला.

"सरक," मी म्हटलं आणि सुकाणू हातात घेतलं.