ओव्हनमधल्या मिरच्यांचा वास

मसाल्याच्या कारखान्यात तिला सगळे नाकवाली म्हणत, आणि तिलाही ते आवडे. भट्टीतून धणे उतरले की मुकादम चिमूटभर तिच्यापुढे धरायचा. तिने मान डोलावली की पोती भरायची, नाक मुरडलं की माल परत. मग हिवाळ्यात नवराबायको दोघंही तापाने अंथरुणाला खिळली. ताप गेला, आणि जाताना तिचं नाक घेऊन गेला.

हे तिने कोणालाच सांगितलं नाही. नाकवालीला वास येत नाही म्हटल्यावर कारखान्याने तिला ठेवायचं कशाला? ती रंगावर आणि तडतडण्यावर निभावून नेऊ लागली. शंका आली की मुकादमाचा चेहरा बघायची. तो बिचारा तिचा चेहरा बघत असे. माल मात्र सुरळीत जात होता.

घरी परीक्षक एकच, नवरा. निवृत्त वायरमन. छातीत कळ आल्यापासून डॉक्टरांनी त्याचं तळलेलं बंद केलं होतं, म्हणून तिने कोणाचा तरी जुना गॅसचा ओव्हन आणला आणि ढोबळ्या मिरच्या भरून भाजायला लागली. एरवी जेवताना तोंडातून शब्द न काढणारा हा माणूस तापानंतर पहिल्याच घासाला ‘काय वास सुटलाय’ म्हणू लागला. आजारपणाने माणूस सुधारतो, असं ती धरून चालली. दुसरी दाद वरच्या मजल्यावरच्या बँडवाल्याची. तो रोज संध्याकाळी यांच्या दाराशी दम खायला थांबायचा, सिगारेट पेटवायचा आणि आत काय शिजतंय ते न बघता सांगायचा.

त्या संध्याकाळी तिने मिरच्यांच्या टोप्या कापून बिया काढल्या. चमचाभर तेलावर कांदा परतला, त्यात वाफवलेले मटार, कुस्करलेलं पनीर, हळद, आमचूर. जिरं आणि धणे कोरडेच भाजले, रंग बदलताच उतरवून कुटले आणि सारणात घातले. मिरच्या दाबून भरल्या, टोप्या बसवल्या, ओव्हनमध्ये सरकवल्या. नवरा बाहेरून आला, आणि वाऱ्याने मागचं दार धाडकन आपटलं. तेवढंच झालं.

ती आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसली. अंधारून आलं तेव्हा उठली आणि तिने ओव्हन उघडला. तोंडावर झळ यायला हवी होती, ती आली नाही. ट्रे गार. मिरच्या बाजारातून आणल्यासारख्या टवटवीत. निळी ज्योत कुठेच नव्हती, आणि गॅसची चावी उघडी होती. तिने ती बंद केली. थंडीमुळे खिडक्या सगळ्या लावलेल्या.

नवरा दारात उभा होता.

“कसला वास येतोय हो?” तिने शक्य तितक्या साधेपणाने विचारलं.

“फक्कड. मिरच्या अगदी खमंग भाजल्यात.”

तिने गार ट्रेकडे पाहिलं.

“मला वास येत नाही,” ती म्हणाली. “तापापासून.”

त्याने पुढे येऊन गार ट्रेला बोट लावलं. “मलाही,” म्हणाला. “म्हटलं, तू एवढी राबतेस, उगाच वाईट वाटेल.”

संसारात इतकं खरं दोघं एका दमात कधी बोलली नव्हती. त्या भरात त्याचा हात सवयीने दिव्याच्या बटणाकडे गेला. बोट टेकण्याआधी वायरमन जागा झाला आणि हात मागे आला.

खिडक्या उघडून दोघं जिन्यावर आली. घर गॅसने भरलंय की नुसत्या भीतीने, हे सांगणारं नाक घरात एकही नव्हतं. तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्याच्या नाकाची वाट बघायची.

खालून शीळ ऐकू आली. बँडवाला. पावलं वर आली, शीळ थांबली, आणि काड्यापेटी खुळखुळली.

“भाऊजी,” ती म्हणाली, “काडी ओढू नका.”

तो वळणावर थबकला. आज काय बेत आहे ते ओळखायला त्याने नाक वर केलं, आणि त्याचं हसू मावळलं. काडी त्याने पेटीत परत ठेवली, काचेची असावी तशी.

“वहिनी, दोघंही खाली या. हळू.”

पहिल्या पायरीवर वायरमनला आठवलं की फ्रीज आपणहून सुरू होतो, आणि सुरू होताना आत ठिणगी पडते. हे त्याने बायकोला सांगितलं नाही. नुसता तिचा हात धरला. आत फ्रीज अजून गप्प होता.