बाल्कनीतली दोरी

पक्ष्यांचं वेड आमच्या ह्यांना, मला नाही. गिरगावची खोली सोडून आम्ही मीरा रोडला शांती नगरात आलो, तेव्हा मी विचारलं, पाणी किती वेळ येतं. ह्यांनी विचारलं, खाडी कुठल्या बाजूला. रिटायर झाल्यावर तर रोज सकाळी खारफुटीच्या कडेला जाऊन उभे राहायचे. चपला चिखलाने बरबटवून परत यायचे, आणि तोंडावर आनंद असा, जणू कोणी शाल-नारळ देऊन सत्कार केलाय. "खंड्या अगदी जवळ बसला होता गं. चला, दिवस वसूल." मी म्हणायची, "खंड्या बघून पोट भरत असेल तर आज भाजी करत नाही."

आता ते कुठेच जात नाहीत. त्यांची फुफ्फुसं कडक होत चालली आहेत. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, घराजवळ कबुतरं आहेत का? त्यांच्या विष्ठेने होतं म्हणे हे. हसावं की रडावं मला कळेना. जन्मभर ज्यांनी पाखरांवर जीव टाकला, त्यांच्या जिवावर पाखरंच उठली. वरच्या मजल्यावरच्या गुजराती काकी रोज गच्चीत ज्वारी टाकतात. मी तडक वर गेले.

"भाभी, मूंगा जीव है, पुण्य मिलता है," त्या म्हणाल्या.

"नीचे भी एक जीव है," मी म्हटलं, "उसका भी पुण्य ले लो."

त्या दिवसापासून त्या लिफ्टमध्ये माझ्याकडे बघत नाहीत. ज्वारी चालूच आहे.

आम्ही बाल्कनीला जाळी लावून घेतली. काचेचं दार सदा लावलेलं. हॉलमध्ये ऑक्सिजनचं मशीन, त्याला लागून ह्यांची कॉट. तिथून त्यांना अर्धी बाल्कनी दिसते, कपड्यांच्या दोरीचं अलीकडचं टोक दिसतं आणि समोरच्या बिल्डिंगची भिंत. सुधारणा होणार नाही, आहे ते टिकवायचं, असं डॉक्टर म्हणाले. तेही टिकत नाही हे मला रोज दिसतं.

अशात एकदा दोरीच्या पलीकडच्या टोकाला कचऱ्याचा एक पुंजका लोंबताना दिसला. वाळकी पानं, कोळ्याची जाळी, कागदाचे कपटे. मी झाडू घेऊन निघाले, तर ह्यांनी आतूनच हाक मारली. "कसं दिसतंय? वर छोटंसं छप्पर आहे का?" होतं. "हात लावू नकोस. शिंजिराचं घरटं आहे ते."

झालं. त्या दोरीवर कपडे घालायची बंदी. ओल्या चादरी दारांवर, परकर खुर्चीच्या पाठीवर, टॉवेल खिडकीच्या गजांना. घराचा धोबीघाट झाला आणि मी बातमीदार. कबूतर ज्या जाळीला थबकतं, तिच्या चौकोनातून ती अंगठ्याएवढी मादी पंख मिटून सुळकन आत यायची. मी बाहेर उभी राहून बघायची, दार नीट लावून आत यायची आणि सांगायची.

"काय आणलं तिने?"

"किडा होता काहीतरी. पिल्लांच्या नुसत्या चोची दिसतात."

"चला, दिवस वसूल."

खोटं कशाला बोलू, मलाही चटक लागली. देवापुढे हात जोडले की हल्ली माझ्या तोंडून मागणंच निघतं. त्या पाखरापुढे मात्र मी नुसतीच हात जोडायची. ती आली हेच पुष्कळ वाटायचं. आणि ह्यांचा चेहरा तेवढ्यापुरता पूर्वीसारखा व्हायचा.

मग एके दिवशी ती आलीच नाही. का, ते कळलं नाही. पिल्लांची चिवचिव संध्याकाळपर्यंत बारीक होत गेली. दुसऱ्या दिवशी घरटं गप्प होतं. मी बोटाने चाचपलं आणि दोन्ही पिल्लं तुळशीच्या कुंडीत पुरली. त्या आठवड्यात ह्यांना चहाचा घोटसुद्धा दम घेत घेत घ्यावा लागत होता. मी आत आले तर त्यांनी विचारलं, "आली का गं?"

"आली," मी म्हटलं.

पुढे रोज तेच. मी रिकाम्या घरट्यासमोर जाऊन उभी राहायची, परत येऊन काहीबाही सांगायची. कधी नर आला, कधी पिल्लांनी डोकं बाहेर काढलं. इतकं खोटं मी जन्मात बोलले नव्हते.

परवा सकाळी ह्यांचं अंग पुसून दिलं, धुणं उरकलं, चहा दिला. "आली का?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, दोनदा आली, दुसऱ्यांदा चोचीत हिरवी अळी होती, एक पिल्लू धीट झालंय. ते काचेकडे बघत ऐकत होते. मग माझ्याकडे वळून, मध्ये श्वास घेत म्हणाले, "चला. दिवस वसूल."

रिकामा कप घेऊन मी उठले, तेव्हा माझं बाहेर लक्ष गेलं. दोरीच्या अलीकडच्या टोकाला त्यांचा टॉवेल वाळत होता. बंदीआधी घालायची तसा झटकून, दोन चिमटे लावून, सकाळी मीच घातलेला.

मी तो काढला नाही. संध्याकाळी त्यांनी पुन्हा विचारलं, "आली का गं?" मी कॉटवर त्यांच्या पायाशी बसले आणि सांगायला लागले.