धुऱ्यावरचा केना

शकुनबाईकडून फुलं घ्यायची तर आधी बोलणी खायची, हे भंडाऱ्यातल्या तिच्या गिऱ्हाइकांनी केव्हाच मान्य केलं आहे. "हार ताजा आहे ना?" असं कुणी विचारलं की ती मान वर न करता म्हणते, "शिळा पाहिजे होता काय तुले?" देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिची पत्र्याची टपरी. वय अठ्ठावन्न, गालात तंबाखूचा खर्रा, आणि राग कायम नाकावर. समोर भुपेंद्र नावाच्या माणसानं काचेचं दुकान थाटलंय, तिथं नागपूरहून खोक्यांत लांब दांड्याची फुलं येतात. त्याचा धंदा चालतो याचा शकुनबाईला राग नाही. त्याला फुलांची नावं येत नाहीत याचा आहे. पिवळी देऊ की पांढरी, असं तो विचारतो. तेवढं ऐकलं तरी तिच्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

तिचा स्वतःचा एक कायदा आहे. बाजारात मिळतं ते कुणीही विकावं. देव जे मागतो ते रानात असतं, आणि ते आपण जाऊन आणावं. म्हणून शुक्रवारी ती मारुतीच्या रुईसाठी बाहेर पडते, श्रावणात बेलासाठी, शिमग्याच्या आधी पळसासाठी. एसटीनं मोहाडीकडे जायचं, कुठल्यातरी फाट्यावर उतरायचं आणि गोणपाटाची चुंगडी खांद्यावर टाकून शिवारात शिरायचं. रानफुलं पाहून हरखणाऱ्यातली ती नाही. पण धोत्रा कुठल्या उकिरड्यावर पांढरा आणि कुठल्यावर जांभळा, हे तिला झोपेतून उठवून विचारा. केन्याचं निळं फूल सकाळी उघडतं आणि दुपारच्या आत मिटतं, मग तो नुसत्या पानावरून ओळखावा लागतो, हेही तिनं कुणाला कधी शिकवलं नाही.

गावांना मात्र ती नको असते. एका गावात तिच्यावर कुत्रं सोडलं होतं, दुसऱ्या गावात पोरांनी तिचा विळा हिसकून तळ्यात फेकला. फुकटात नेते आणि शहरात विकते, ही लोकांची तक्रार. तुमी कधी पेरलं होतं, हा तिचा जबाब. दोन्ही बाजूंना थोडंथोडं खरं होतं, त्यामुळे भांडण मिटायचं काही कारण नव्हतं.

या सगळ्यांत भैय्याजीचं वैर जुनं. मोहाडीपुढच्या एका फाट्यापासून कोसभर आत त्याची धानाची शेती. नऊ वर्षांपूर्वी शकुनबाईच्या पायानं त्याचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, खचला आणि धानाच्या एका बांधीतलं पाणी रातोरात वाहून गेलं. तिनं माफी मागितली नाही. उलट, मातीचा धुरा बाईच्या वजनानं फुटत असेल तर तो बांधणाऱ्याचं काय ते बघा, असं ती चार लोकांत म्हणाली. तेव्हापासून ती दिसली की भैय्याजी बैल हाकायची तुतारी घेऊन धावायचा, आणि ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत धुऱ्याधुऱ्यानं पळायची. पळताना चुंगडी मात्र सोडायची नाही.

यंदा तिला त्याच्याकडे जाणं भागच होतं. महालक्ष्म्यांच्या पूजेला आघाडा, केना आणि दुर्वा लागतात. तिची साठ बांधलेली घरं आहेत. जेवणाच्या दिवशी उजाडता उजाडता प्रत्येक दारात तिची पत्री पोचते, आणि तिच्या जुडीत केना म्हणजे केनाच असतो, त्याच्यासारखं दिसणारं भलतंच तण नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी लोक तिची जीभ सहन करतात. साठांतल्या निम्म्या घरांत तर महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्यांमध्येही हाच केना चिरून पडतो. पण आता जो तो धुऱ्यावर तणनाशक मारतो. दोन दिवस ती शहापूरकडून वरठीपर्यंत हिंडली. आघाडा मिळाला, दुर्वा मिळाल्या, केना कुठंच नाही. धुरे जळून पिवळे पडलेले. केना मिळाला नाही तर उद्या साठ दारांत खोटी जुडी न्यायची, नाहीतर हात हलवत जायचं. दोन्हीचा विचार तिला सोसेना.

भैय्याजीचा धुरा हिरवागार होता. केना गुडघ्याला लागेल इतका माजलेला. भैय्याजी विहिरीच्या कट्ट्यावर बसला होता. शकुनबाई थबकली, तुतारी कुठं आहे ते पाहिलं. तो उठला नाही.

"तोड," तो म्हणाला. "पुरा तोड. लय माजला आहे."

तिला नवल वाटलं. मग वाटलं, थकला असेल म्हातारा. औषधाचा वास येत होता, पण भाद्रपदात सगळ्या शिवारालाच तो वास असतो, कुणी ना कुणी धानावर फवारत असतंच. शिंकत ती कामाला लागली. तण जळलेलं असलं की तिला लांबून दिसायचं, आणि इथं तर एक पान पिवळं नव्हतं. दोन तास ती वाकून विळा चालवत राहिली. तो तिकडे बसून बघत राहिला. चुंगडी गच्च भरली. कंबर मोडली होती, पण साठ घरं वाचली होती.

तेवढ्यावर गप्प निघाली असती तर ती शकुनबाई कसली. नऊ वर्षांची शिवीगाळ तिच्या पोटात होती, आणि आज भांडणच झालं नव्हतं. जाता जाता तिनं टोला हाणला.

"नऊ वर्सं मले हाकललं जी, भैय्याजी. आता ह्याच धुऱ्याचा केना तुमच्या पोरीच्या घरी जाते. कामिनीच्या. तिची सासू माही बांधलेली गिऱ्हाईक आहे. सोळा भाज्यांत टाकते ते, तुमी उद्या जेवाले जासान तं तुमच्याच पानात पडन."

भैय्याजी उभा राहिला. उन्हाळ्यातच त्यानं कामिनीचं लग्न भंडाऱ्यात लावून दिलं होतं. लग्नानंतरची पहिलीच महालक्ष्मी, व्याह्यांनी जेवणाचं आवतण दिलं होतं.

"खाली ठेव ते चुंगडी," तो म्हणाला.

"काहून?"

"ठेव म्हटलं ना. सकाळी औषध मारलं मी त्याच्यावर. परवापरेंत जळून जाईन पुरा."

शकुनबाईच्या हातून चुंगडी आपोआपच सुटली. तिच्या डोळ्यांपुढून एकेक दार सरकू लागलं. मास्तरीणबाईंचं, त्यांच्या घरातली जुळी पोरं. बसस्टँडमागची ती गरवार सून. सकाळी बाया केना धुतीलही, पण दोन पाण्यांनी असलं औषध निघतं असं कुणी सांगावं. आणि हे सगळं तिनं स्वतःच्या हातानं वाटलं असतं.

"दोन घंटे तुमी पाहून राहिले," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, हे तिलाच वेगळं वाटलं. "तोड म्हणून सांगतलं मले."

"तुले एकदा शिकवाचं होतं." तो दुसरीकडे बघत होता. "लोकायनं तुले शिव्या देल्ल्या असत्या, मंग आली नसती इकडे."

"शिव्या द्याले लोक उरले असते तं."

तो विहिरीच्या मागच्या बाजूला गेला. तिथंही केन्याचा एक पट्टा होता, औषध न मारलेला, गाईसाठी मुद्दाम राखलेला. त्यानं स्वतः वाकून एक मूठ तोडली आणि गवताच्या काडीनं बांधून तिच्यापुढे धरली. "हे कामिनीले दे."

"आन बाकीच्यायले?"

"बाकीच्यायचं मी काय करू? गाईले लागते तो."

शकुनबाईनं चुंगडी त्याच धुऱ्यावर उलटी केली, कुणाचं जनावर तोंड लावू नये म्हणून माती ओढून झाकली, विहिरीवर कोपरापर्यंत हात धुतले. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्या शेतातून एकही शिवी न देता निघाली. ती मूठ मात्र तिनं घेतली. का घेतली, ते तिला एसटीत बसल्यावरही नीट सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी साठ दारांत ती सांगत गेली, यंदा केना नाही, भाजीत माठ टाका. लोकांची तोंडं वाकडी झाली. "भुपेंद्रकडे आहे म्हणतात," एक बाई म्हणाली. शकुनबाईनं आदल्या संध्याकाळीच त्याची जुडी पाहिली होती, त्यात केना औषधालाही नव्हता. पण तिनं वाद घातला नाही. तीन घरांनी पुढच्या सालापासून येऊ नका म्हणून सांगितलं. तेही तिनं ऐकून घेतलं.

कामिनीचं माडीवरचं दार तिनं शेवटी ठेवलं होतं. पोरगी नव्या लुगड्यात, हाताला हळद, केना बघून खूश झाली. "शेजारच्या काकू म्हणे, यंदा कोणाच्याच जुडीत नाही. मले कसा भेटला, मावशी?"

"तुह्या बापानं तोडून देल्ला. तुह्यापुरताच."

"बाबाले माही आठवण राह्यते," कामिनी हसली.

इथं गप्प बसता आलं असतं. सण होता, पोरगी निर्दोष होती, आतून पुरणाचा वास येत होता. शकुनबाईनं सगळं सांगितलं. औषध कधी मारलं, तो कुठं बसला होता, काय म्हणाला, साठ घरं आणि एक मूठ. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही.

कामिनीनं ऐकलं. आतून सासूनं हाक मारली, तिला ओ दिली नाही. केन्याची मूठ तिनं उंबऱ्याबाहेर खाली ठेवली, पदराला हात पुसला आणि कमरेचा मोबाईल काढून कानाला लावला.

"बाबा," ती म्हणाली, "आज जेवाले येऊ नका."

पलीकडून काहीतरी विचारल्याचं शकुनबाईला ऐकू आलं. नऊ वर्षं तिला या माणसाचं असंच काहीतरी व्हायला हवं होतं. बरं वाटलं तिला, खोटं कशाला सांगा. मग कामिनीच्या नव्या लुगड्याला लागलेली हळद दिसली आणि ते बरं वाटणंही गेलं. तिनं चुंगडी उचलली आणि जिना उतरू लागली. वर ती पोरगी तेच वाक्य दुसऱ्यांदा सांगत होती, या वेळी हळू.