तिसऱ्या वर्षाचे कोंब

आज सकाळी वाफ्यातल्या ओल्या मातीला भेग पडली होती आणि त्या भेगेतून अंगठ्याएवढा जाड, टोकाला जांभळट असा कोंब वर आला होता. सुरीने कापला तेव्हा मटार सोलताना येतो तसा कच्चा, गोडसर वास आला आणि माझा राग पुन्हा ताजा झाला. मी तो कोमेजू देतही नाही.

हैदराबादेत, बरकतपुऱ्यातल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर थोरल्या जाऊबाई राहतात, खाली आम्ही. निवृत्त झाल्यावर यांना शतावरीच्या या विलायती बहिणीचं, अ‍ॅस्परॅगसचं, वेड लागलं. गड्डे कुठून कुठून मागवले, बेगम बाजारातून नीमपेंड आणली, हातभर खोल चर खणले. या झाडाची एकच अट असते: पहिली दोन वर्षं एकही कोंब तोडायचा नाही, सगळे वाढू द्यायचे, त्यांचा हिरवा पिसारा मुळांना पोसतो. हे रोज सकाळी चहाचा कप घेऊन वाफ्यापाशी उभे राहत आणि म्हणत, "तिसऱ्या वर्षी, तुपावर परतून."

पहिल्याच वर्षी आम्ही चार दिवस लग्नाला गेलो आणि परतलो, तर वाफा भुंडा. संध्याकाळी जाऊबाईंनी स्वतःचं नाव कोरलेल्या स्टीलच्या वाटीतून दालचा, म्हणजे चिंच घातलेलं डाळीचं कालवण, पाठवला. त्यात आमचे कोंब. मी वर गेले, तर म्हणाल्या, "इतकं काय परेशान होतेस गं? गवतच तर आहे, परत येतंय की." परत आलं नाही. गड्डे सडले. हे नवे गड्डे लावून पुन्हा पहिल्यापासून वर्षं मोजू लागले. यंदाच्या कापणीला चार महिने उरले असताना हे गेले. जाऊबाईंनी हात लावला नसता, तर यांनी गेल्या वर्षीच खाल्ले असते. हिरावलेल्या त्या एका वर्षाबद्दल मी जाऊबाईंना माफ करणार नाही.

ती वाटी मी परत केली नव्हती. त्या वाटीनेच मी वाफ्याला खत घालत होते. आज दुपारी जाऊबाई गुडघे धरत जिना उतरून आल्या. वाफ्याकडे बघत म्हणाल्या, "सकाळी कोंब कापताना दिसलीस वरून. माझी वाटी तुझ्याकडेच राहिली ना गं?"

आमच्यात वाटी रिकामी परत करत नाहीत, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. मी वाटी घासली, पुसून कोरडी केली आणि तशीच त्यांच्या हातात दिली. त्या आत बघत राहिल्या. मग कठडा धरून, एकेक पायरी थांबत, वर गेल्या. मी हात द्यायला गेले नाही.

त्याचं मला अजूनही वाईट वाटलेलं नाही. नंतर तो कोंब तुपावर परतला, यांच्या ताटात वाढून घेतला आणि बसले. छान लागत होता. पण कसा लागतो, हे विचारायला समोर कुणी नव्हतं.