हौदातला कर्मचारीवर्ग

गाळमामांना हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणाला आठवत नाही, पण ठेवणाऱ्याचा नेम अचूक होता. शहराच्या टोकाला सांडपाण्याचं प्रक्रिया केंद्र, आणि तिथल्या हौदांवर हे गृहस्थ बावीस वर्षं. शहर जे जे सोडून देतं, संडासातलं, मोरीतलं, भांड्यांचं खरकटं, साबणाचा फेस, ते सगळं मोठ्या नळातून यांच्या दारात यायचं आणि पुढच्या दाराने पाणी होऊन नदीला लागायचं. मधलं काम कोण करतं असं कोणी विचारलं, तर मामा सांगत, ‘आमची मंडळी.’

मंडळी म्हणजे जंतू. हवेच्या हौदात तपकिरी गाळ सतत घुसळत असे, आणि त्या गाळाच्या चमचाभर थेंबांत सगळ्या शहरात माणसं नसतील इतके जंतू. तळाशी ब्लोअर हवा सोडायचा. ती हवा घेऊन मंडळी नळातून आलेल्या घाणीवर ताव मारत. खाल्लेल्यातलं काही जाळून त्यावर अंगात बळ आणायचं, उरलेल्यातून अंगच बांधायचं, आणि अंग पुरेसं झालं की मधोमध दोन व्हायचं. ‘आपण जेवल्यावर आडवे होतो,’ मामा म्हणत, ‘ही जेवल्यावर दोन होतात.’

सगळेच एका पंगतीतले नव्हते. काहींना खरकट्यात रसच नाही, त्यांना अमोनिया लागायचा. त्याच्यावर ते जगायचे, आणि अंग बांधायला माल कुठून, तर आपण श्वासातून टाकून देतो त्या वायूतून. हे फार सावकाश वाढत, थंडी पडली की रुसत, हवा कमी झाली की काम टाकत. मामा त्यांना ‘जावईबुवा’ म्हणत. जावईबुवांनी टाकलेलं नायट्रेट पुढच्या, बिनहवेच्या हौदातले जंतू श्वासासाठी वापरत. एकाचं उष्टं दुसऱ्याचा श्वास. मामांच्या मते मुख्य कचेरीतही हीच पद्धत होती. एका विभागाने झटकलेलं पत्र दुसऱ्या विभागाला वर्षभर पुरायचं. फरक एवढाच, की हौदातून शेवटी काहीतरी स्वच्छ बाहेर पडत असे.

मामांचं खरं उपकरण त्यांचं नाक. ओल्या मातीचा वास आला की मंडळी खुशाल. सडक्या अंड्याचा भपकारा आला की समजायचं, हवा अडली आणि हवेशिवाय पोट भरणाऱ्या दुसऱ्याच टोळीने घर बळकावलं. मग मामा जेवणाचा डबा अर्धा टाकून ब्लोअरकडे पळत. प्रयोगशाळेतल्या बाई सूक्ष्मदर्शकातून तासभर बघून जे सांगत, ते मामांनी फाटकातून आत शिरतानाच ओळखलेलं असे. बाईंना आधी याचा राग यायचा. नंतर त्या सूक्ष्मदर्शक लावण्याआधी खिडकी उघडून मामांना विचारू लागल्या.

केंद्रात एक नोंदवही होती. तिच्यात ‘जैविक स्थिती’ असा रकाना होता आणि मामा त्यात बावीस वर्षं रोज एकच वाक्य लिहीत आले होते: ‘जंतू भरपूर. खाऊनपिऊन सुखी.’ खाली साहेबांची सही. सहा साहेब आले नि गेले. सही करणाऱ्याची नजर सहीच्या जागेवरच पडते, त्यामुळे कधी काही बिघडलं नाही. सातवे साहेब उद्यान विभागातून बदलून आले. माणूस टापटिपीचा, पण त्यांना एक वाईट खोड होती. ते वाचत.

चौथ्या दिवशी मामांच्या हातात नोटीस पडली. केंद्रात जंतू आढळून आले असून ते भरपूर असल्याचे व सुखी असल्याचे आपणच नमूद केले आहे, ही बाब गंभीर आहे. बावीस वर्षे आपण ती का चालू दिली, याचा खुलासा करावा.

मामांनी बाईंच्या मदतीने तीन पानी खुलासा लिहिला. त्यात अन्न, हवा, ऊर्जा, वाढ, जावईबुवा (बाईंनी तिथे ‘अमोनियाभक्षक’ केलं), सगळं नीट मांडलं. साहेबांनी तोही वाचला आणि मामांना समोर बोलावलं.

‘तपासणी समिती कधी येणार, माहीत आहे ना?’

‘येत्या गुरुवारी, साहेब.’

‘समितीने वही उघडली आणि त्यात जंतू निघाले, तर मी काय सांगू? जेवतायत?’

‘साहेब, तेच तर काम करतात.’

‘हे बघा मामा, शास्त्र मलाही कळतं. घरी फरशी पुसताना मी जंतू पाळत नाही. सोमवारी चाळीस कॅन येतील. हौदात ओता. गुरुवारच्या रकान्यात मला निरंक पाहिजे.’

कॅन सोमवारी नाही, शनिवारीच आले. जंतुनाशकाचे चाळीस निळे कॅन साहेबांच्या खिडकीसमोर रचून ठेवले गेले. सरकारी सामान वेळेआधी आल्याचं मामांच्या उभ्या नोकरीत हे पहिलंच उदाहरण.

त्या दिवशी घरी मामांना घास जाईना. मामींनी विचारलं तर म्हणाले, सोमवारी बावीस वर्षांचं बिऱ्हाड बुडवायचंय माझ्याच हाताने. साधे जंतू आठवड्याभरात पुन्हा धरतील, पण जावईबुवांना महिना लागेल, आणि तोवर शहर काही मोऱ्या बंद ठेवणार नाही. सगळं कच्चंच्या कच्चं नदीत जाईल. खाली लोक त्याच नदीवर पाणी भरतात.

मामींनी आयुष्यभर जंतूंचं कौतुक ऐकलं होतं. दोन बाळंतपणांत मिळून यांनी आपली तब्येत जेवढ्या वेळा विचारली नसेल, तेवढ्या वेळा हे एका आठवड्यात गाळाची विचारतात, हा त्यांचा जुना टोमणा. पण त्या दिवशी त्यांनी तो बाजूला ठेवला.

‘अहो, साहेबांनी कधी जंतू बघितलाय का?’

‘नाही. बघायला बोलावलं तर नाकाला रुमाल लावून गाडीतच बसले.’

‘म्हणजे त्यांनी नुसता शब्द बघितलाय. मग शब्द मारा की. जंतू कशाला मारता?’

मामांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि जेवायला लागले.

रविवारी ते आणि बाई नवा शब्द शोधायला बसले. ‘जीवाणू’ म्हटलं तर साहेब अर्थ विचारणार आणि गाडी पुन्हा कॅनवर येणार. ‘सूक्ष्मजीव’ लिहिलं तर जीव आहे म्हणून उंदरांचं औषध मागवतील. बाई म्हणाल्या, शास्त्रात ‘कल्चर’ म्हणतात. मामा म्हणाले, मग गुरुवारी इथे गाण्याचा कार्यक्रम ठेवतील. शेवटी मामांनी कचेरीच्या दृष्टीने विचार केला. रात्रंदिवस राबतात, रजा नाही, भत्ता नाही, आणि कामात खंड पडला तर लगेच वास सुटतो. असल्याला कचेरीत काय म्हणतात?

सोमवारच्या रकान्यात लिहिलं गेलं: ‘जंतू: निरंक. जैविक कर्मचारीवर्ग: पुरेसा. हजेरी शंभर टक्के.’

साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. चेहऱ्यावर समाधान पसरलं. एका दिवसात जंतू साफ झाले, तेही एक कॅन न फोडता, याचं त्यांना कौतुक वाटलं आणि उरलेले कॅन, म्हणजे सगळेच, त्यांनी पुढच्या प्रसंगासाठी राखून ठेवायला सांगितले. गुरुवारी समिती आली. पाणी स्वच्छ होतं, ते कोणी बघितलं नाही. शंभर टक्के हजेरी मात्र सगळ्यांनी बघितली. एका सदस्याने तर विचारलं, की हे तुम्ही कसं जमवता? साहेब विनयाने म्हणाले, धाक आहे.

इथपर्यंत मामा जिंकले होते. पण समितीचा अहवाल आस्थापना शाखेकडे गेला आणि तिथून एक तक्ता आला: कर्मचाऱ्यांची संख्या भरा. बाई प्रामाणिक होत्या. त्यांनी गाळ मोजून, गुणाकार करून, खरा आकडा भरला. तो कॉम्प्युटरच्या चौकटीत मावेना, म्हणून तिथल्या कारकुनाने चौकट भरेल इतके नऊ टाकले.

महिन्याभराने आदेश आला. पहिल्या पानावर लिहिलं होतं, की केंद्रातील जादा कर्मचाऱ्यांची नियमित कपात करावी. मामांना हसू फुटलं. जादा गाळ तर ते रोज सकाळी काढतच होते. न काढावा तर खाणारी तोंडं वाढतात, अन्न पुरत नाही, मग उपाशी मंडळी साठवलेलं संपवून शेवटी स्वतःचंच अंग खाऊ लागतात. आयुष्यात पहिल्यांदा एक सरकारी आदेश शास्त्राला धरून निघाला होता.

मग त्यांनी पान उलटलं. केंद्रात मनुष्यबळ विपुल असल्याने हौदचालक हे पद अतिरिक्त ठरत असून सदर इसमास उद्यान विभागात वर्ग करण्यात येत आहे.

मामा साहेबांकडे गेले. साहेब वाईट वाटल्यासारखे बोलले. म्हणाले, तुमची हरकत असेल तर लिहून द्या, मी पुढे पाठवतो.

‘फक्त एवढंच स्पष्ट करा, मामा, की हे इतके कर्मचारी म्हणजे नेमके कोण.’

साहेबांच्या मागच्या खिडकीतून चाळीस निळे कॅन दिसत होते. एकाचंही झाकण उघडलेलं नव्हतं. एक शब्द खरा लिहिला की मामांची खुर्ची शाबूत राहणार होती आणि कॅन हौदावर जाणार होते.

‘हरकत नाही, साहेब,’ मामा म्हणाले.

बाईंना नाक शिकवायला आठ दिवस मिळाले. मामांनी त्यांना डोळे मिटून हौदांच्या कठड्यावरून चालवलं. कुठे हवा कमी पडते, फेस पांढरा कधी नि तेलकट कधी, जावईबुवा रुसले की अमोनिया कसा डोळ्यांत झोंबतो, सगळं दाखवलं. शेवटच्या दिवशी बाई फाटकातच थांबल्या, श्वास घेतला आणि म्हणाल्या, ‘मामा, दोन नंबरच्या ब्लोअरचा पट्टा सैल झालाय.’ झाला होता. मामा डबा उचलून निघाले.

उद्यानात त्यांना कोपऱ्यातल्या पालापाचोळ्याच्या ढिगावर नेमलं. काम काही नाही, म्हणाला तिथला मुकादम, नुसतं पडलेलं असतं ते, कुजतं आपलं आपण. मामांनी बाही वर सारली आणि ढिगात कोपरापर्यंत हात खुपसला. आत चटका बसावा इतकं गरम होतं. इतकी ऊब निघतेय म्हणजे आत जेवणावळ जोरात होती. त्यांनी हात बाहेर काढून नाकाशी नेला. ओली माती.

उद्यानालाही नोंदवही होती आणि तिच्यात शेऱ्याचा रकाना होता. मुकादमाने पेन पुढे केलं. मामांनी आधी विचारून घेतलं, की इथले साहेब वाचतात का. नाही म्हणाला. तरीही मामांनी जपूनच लिहिलं:

‘सर्व हजर. जेवत आहेत.’